एक खुडलेले फूल, नऊ तुडविलेली



देवदर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंच्या हाती दिल्या जाणाऱ्या या पुस्तिकेत हिमालयातील रानफुलांचा आणि त्यांच्या छायाचित्रणाचा विषय कोठून आला, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. संस्थानच्या कचेरीत बसून देणगीच्या पावत्या लिहिणाऱ्या व अभिषेकाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यवाहाने अशा विषयात शिरण्याचे कारण नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु फुलाचा आणि देवाचा संबंध मी रोज पाहतो. पहाटे हारांच्या करंड्या येतात आणि रात्री निर्माल्याची पोती जातात. या दोहोंच्या मध्ये फुलाविषयी फारसा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती 2019 साली तुंगनाथच्या वाटेवर आली. तेथे एका फुलावरून आमच्या घरात जो वाद झाला तो आजही पुरता मिटलेला नाही. आपल्यापैकी अनेकजण उन्हाळ्यात केदार-बदरीच्या यात्रेस जातात, म्हणून तो आपल्यापुढे मांडीत आहे.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या गावातील यात्रेकरूंबरोबर आम्ही उभयता गेलो होतो. केदारनाथाचे दर्शन झाल्यावर गुप्तकाशी, उखीमठ, चोपता, गोपेश्वर असा रस्ता बदरीनाथाकडे जातो. त्यांपैकी चोपता येथे उतरून साधारण साडेतीन किलोमीटरची चढण चढली की पंचकेदारांतील तृतीय केदार श्रीतुंगनाथ यांचे दर्शन घडते. मंदिर सुमारे 3680 मीटर उंचीवर आहे आणि भारतातील सर्वांत उंचावरील शिवमंदिरांत त्याची गणना होते. थंडीचे सहा महिने देवाची उत्सवमूर्ती खाली मक्कूमठ येथे असते. वैशाखात पालखी वर जाते आणि पट उघडतात. पट उघडण्याचा आणि फुले उमलण्याचा काळ एकच, ही गोष्ट मला तेथे गेल्यावर समजली.

माझ्याजवळ मुलाने दिलेला एक लहान कॅमेरा होता. हिमालयातील फुलांविषयी मी वाचले होते आणि ती डोळे भरून पाहावीत, त्यांची चित्रे आणावीत, अशी हौस होती. चोपत्याला बुरांसाचा लाल बहर ओसरत आलेला होता. वाट वर चढू लागली तसे ओक, बुरांस आणि देवदाराच्या जातीतील वृक्ष विरळ होत गेले. त्यांच्या पाठोपाठ फिकट जांभळ्या फुलांचे, खुजे, वाकड्या फांद्यांचे बुरांस लागले, आणि सुमारे 3300 मीटरवर झाडे एकाएकी संपली. तेथून वर नुसते गवताळ उतार. गढवालात त्यांना बुग्याल म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात आपण ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशाविषयी वाचलेले असते. झाडांना जगता येणार नाही इतकी थंडी, वारा आणि वर्षातील अनेक महिने बर्फ, हेच उंच पर्वतांवरही असते, म्हणून अशा पट्ट्याला पर्वतीय टुंड्रा असेही म्हटले जाते.

माझी प्रथम निराशाच झाली. आषाढ-श्रावणातील बुग्यालांची चित्रे मी पाहिली होती. त्यांत गुडघाभर हिरवळ आणि तीत सर्व रंगांची फुले होती. येथे समोर होते ते गतवर्षीचे, बर्फाने दाबून चपटे केलेले तपकिरी गवत आणि खोलगट जागी मळलेल्या बर्फाचे तुकडे. बरोबरची मंडळी म्हणाली, "कार्यवाह, तुमची फुले अजून झोपलेली दिसतात." मलाही तसेच वाटले. वाटेवरील एका चहाच्या टपरीत बसलो असता मी टपरीवाल्यास विचारले. तो म्हणाला, "बाबूजी, फूल ढूँढना है तो बर्फ का किनारा देखिए। पर घास पर मत चलिए, पत्थर पर पैर रखिए।" त्याच्या बोलण्यातील पहिला भाग मी ऐकला.

बर्फाच्या कडेला खरोखरच फुले होती. हंगामाच्या आरंभी या उंचीवर फुले शोधण्याची रीत अशी की, संपूर्ण उतार पाहावयाचा नाही, बर्फ जेथे आज वितळत आहे ती ओली पट्टी पाहावयाची. ज्या जागेवरील बर्फ आठ दिवसांपूर्वी गेले तेथे एक फूल असते, काल गेले तेथे दुसरे. सूर्यासमोरच्या उतारावर वसंत येऊन गेलेला असतो आणि पाठीमागच्या घळीत अद्याप माघ असतो. बर्फ हे या वनस्पतींचे वैरी आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते त्यांचे पांघरूण असते. वर कितीही कडक थंडी पडली तरी जाड बर्फाखालील जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. आणखी एक गोष्ट मला नंतर वाचनात आढळली. वाढीला मिळणारे महिने इतके थोडे असतात की, या उंचीवरील पुष्कळ वनस्पती पुढील वर्षाची कळी आदल्या उन्हाळ्यातच जमिनीलगत घडवून ठेवतात. म्हणजे मे महिन्यात दिसलेले फूल हे त्या वर्षीचे नव्हेच. ते आदल्या वर्षी सिद्ध झालेले, बर्फाखाली अर्धे वर्ष थांबलेले असते. आमच्या गाभाऱ्यात सकाळचे फूल दुपारी कोमेजले की बदलले जाते, हे मला ते वाचताना आठवले.

पहिले फूल पिवळे होते, नखाएवढे, जमिनीला चिकटलेले. दुसरे तर इतके लहान आणि निळे होते की आकाशाचा कण सांडल्यासारखे वाटले. ढग सूर्यावर आला की ते मिटे आणि ऊन आले की उघडे. अशा फुलासमोर वाकून भागत नाही, गुडघे टेकावे लागतात. मग एका झऱ्याच्या काठी मला जांभळ्या फुलांचे ते गेंद दिसले, ज्यांच्यासाठी मी आलो होतो. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव प्रिम्युला डेंटिक्युलाटा असे आहे. पुढे त्याचा देठ वीतभर उंच होतो, परंतु बर्फातून नुकतेच निघालेले असताना गेंद पानांच्या मधोमध जवळजवळ जमिनीवरच बसलेला असतो. कळ्यांवर पिठासारखी पांढरी पूड असते आणि प्रत्येक लहान फुलाच्या मध्यभागी पिवळा ठिपका. मागे हिमशिखरे होती. शिखर आणि फूल एकाच चित्रात यावे यासाठी कॅमेरा जमिनीवर ठेवणे आवश्यक होते, आणि कॅमेऱ्यामागे मलाही. मी ओल्या गवतात पोटावर पडलो. दहा-पंधरा मिनिटे मी या कुशीवरून त्या कुशीवर होत होतो. एक चित्र फार चांगले आले.

मी उठलो तेव्हा सौ. पलीकडे उभ्या होत्या आणि त्यांच्या ओंजळीत एक जांभळा गेंद होता. देवासाठी त्यांनी तो खुडला होता. मी रागावलो. "जे फूल वर्षभर बर्फाखाली थांबले, ते तू एका क्षणात तोडलेस," असे काहीतरी मोठ्या आवाजात बोललो. बरोबरची मंडळीही ऐकत होती. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्या शर्टाकडे बोट दाखविले. छातीवर आणि कोपरांवर चिखल होता आणि चिखलात जांभळ्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "अहो, मी एक तोडले. तुम्ही जेथे लोळलात तेथे किती आहेत ते आधी मोजा."

मी मोजली. जमिनीत दबलेले नऊ गेंद होते. पिवळी लहान फुले मोजता येण्यासारखी राहिली नव्हती. बुटांच्या टाचांनी मऊ जमिनीत खड्डे पडले होते आणि त्यांत झऱ्याचे पाणी साचू लागले होते.

सौ. यांनी आपले फूल श्रीतुंगनाथांस वाहिले. पुजाऱ्यांनी ते काही न बोलता पिंडीवर ठेवले. मी हात जोडून उभा होतो, परंतु मनात देव नव्हता, हिशेब होता.

महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता. त्याचा उपयोग आयुष्यात फारसा झाला नाही, तरी अशा वेळी जुने पाठ वर येतात. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने 1790 च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की, सुंदर वस्तू पाहून होणारा शुद्ध आनंद त्या वस्तूच्या लोभापासून मुक्त असतो. परतीच्या वाटेवर मी याच मताच्या आधारे स्वतःची बाजू मांडली. मी म्हणालो, तोडणाऱ्याला फूल हवे असते, पाहणाऱ्याला केवळ त्याचे दर्शन. मी फुलाला स्पर्शही करू इच्छीत नव्हतो. यावर सौ. यांनी जे उत्तर दिले ते मला अद्याप खोडता आलेले नाही. त्या म्हणाल्या, "माझे फूल मी पाहिले, देवाने पाहिले, आणि ते त्याच डोंगरावर राहिले. तुमचे फूल तुम्ही घरी घेऊन चाललात, चार लोकांना दाखविण्यासाठी. मग लोभ कोणाचा?"

वाद करताना माणूस जवळची शस्त्रे वापरतो. मी शकुंतलेचे नाव घेतले. कालिदासाच्या नाटकाच्या चौथ्या अंकात कण्वमुनी तपोवनातील वृक्षांना सांगतात की, शकुंतलेला अलंकारांची आवड असूनही तुमच्यावरील प्रेमामुळे ती तुमचे पानसुद्धा तोडीत नसे. सौ. म्हणाल्या, "ती त्यांना पाणी घालीत होती. तुम्ही काय घातलेत?" बसमधील मंडळी हसली आणि विषय तेथे थांबला, तो दोन दिवसांनी बदरीनाथाच्या रस्त्यावर पुन्हा निघाला.

जोशीमठाच्या पुढे, बदरीनाथ येण्यापूर्वी, हनुमानचट्टी हे ठिकाण लागते. भीमाचे गर्वहरण येथे झाले अशी श्रद्धा आहे आणि बहुतेक बसगाड्या तेथे दर्शनाला थांबतात. आपल्याला ही कथा लहानपणापासून ठाऊक असते, परंतु आपल्या स्मरणात राहते ती केवळ हनुमंताची शेपटी. भीम त्या वाटेने निघाला होता कशासाठी, तर एका फुलासाठी. महाभारताच्या वनपर्वात कथा अशी आहे. पांडव बदरीच्या आश्रमात असताना वाऱ्याने एक दिव्य, सुगंधी, सहस्रदल कमळ द्रौपदीसमोर येऊन पडले. हे फूल मी धर्मराजास देईन, मला अशीच आणखी आणून दे, असे ती भीमाला म्हणाली. मागणी प्रेमाची होती, नेणाराही प्रेमानेच निघाला. परंतु व्यासांनी त्याच्या जाण्याचे वर्णन केले आहे ते पाहावे. झाडे मोडीत, वेली तोडीत, गर्जनांनी पशुपक्ष्यांना भिववीत तो चालला होता. वाटेत निजलेल्या वृद्ध वानराने त्याला पहिली गोष्ट विचारली ती अशी की, मी आजारी माणूस सुखाने झोपलो होतो, मला का उठविलेस, प्राणिमात्रांवर दया करावी हे तुला समजत नाही काय? शेपटीचा प्रसंग त्यानंतरचा. पुढे ओळख पटल्यावर हनुमंताने सौगंधिक वनाची वाट दाखविली, आणि दाखवितानाच बजावले की, तेथील फुले तू स्वतः बळाने तोडू नकोस.

भीमाने ऐकले नाही. सरोवराच्या रक्षकांनी त्याला सांगितले की हे कुबेराचे क्रीडास्थान आहे, त्याची अनुज्ञा घे. त्यावर भीमाने दिलेले उत्तर मला या सर्व कथेत अधिक महत्त्वाचे वाटते. हे सरोवर पर्वताच्या झऱ्यांतून झालेले आहे, कुबेराच्या घरात नव्हे, ते त्याचे तसेच सर्व भूतमात्रांचे आहे, अशा वस्तूसाठी कोणी कोणाकडे याचना करावी, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. युक्तिवाद वरवर पाहता निर्दोष आहे. डोंगर सर्वांचा, वारा सर्वांचा, फूल सर्वांचे. परंतु 'सर्वांचे आहे' येथून निघून भीम 'म्हणून मी घेतो' येथे पोहोचतो, आणि मधली पायरी कोणाच्या लक्षात येत नाही. जे सर्वांचे असते ते घेताना विचारावयाचे कोणाला हे ठरलेले नसते, एवढ्यावरून विचारण्याचीच गरज नाही असे आपण धरून चालतो. मी त्या झऱ्याकाठी लोळलो तेव्हा माझ्या मनात याहून निराळे काय होते? आमच्या मंदिराच्या बागेत एखाद्या भाविकाने ताटव्यात पाय ठेवला तर मी खिडकीतून हाक मारतो. तेथे खिडकी नव्हती. एक टपरीवाला होता, आणि त्याचे अर्धेच बोलणे मी ऐकले होते.

कथेचा शेवट क्वचितच सांगितला जातो. कुबेराने उदार होऊन भीमाला फुले घेऊ दिली. मागून युधिष्ठिर तेथे आला. ज्याला ते फूल अर्पण व्हावयाचे होते तो हाच. त्याने भीमाला आलिंगन दिले आणि म्हटले की, हे साहस देवांनाही न रुचणारे आहे, माझे प्रिय करावे असे वाटत असेल तर पुन्हा असे करू नकोस. ज्याच्यासाठी सर्व केले त्याला ते नकोच होते.

ही कथा बसमध्ये मीच सांगितली, आणि सांगता सांगता लक्षात आले की ती सौ. यांच्याविरुद्ध जितकी जाते त्याहून अधिक माझ्याविरुद्ध जाते. द्रौपदीने एक फूल उचलले होते, तेही वाऱ्याने आणलेले. मोडतोड भीमाने केली.

भक्तिमार्गात भाव मुख्य मानला जातो. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ किंवा पाणी, जे भक्तीने दिले जाईल ते आपण स्वीकारतो असे सांगितले आहे. भाव शुद्ध असेल तर कृतीतील उणीव क्षम्य होते, अशी आपली धारणा आहे आणि ती देवापुरती खरीही असेल. परंतु त्या ओल्या जमिनीला माझा भाव कसा कळणार? तिला कळतो तो माझा भार. मी भक्त आहे की छायाचित्रकार, फुलावर माझे प्रेम आहे की नाही, यांपैकी कशानेही माझे वजन पावशेराने कमी होत नाही. उलट प्रेमामुळेच मी वाट सोडून आत गेलो. ज्यांना फुलांची आवड नव्हती ते आमचे सहप्रवासी फरसबंद वाटेवरून सरळ मंदिरात गेले आणि त्यांच्या पायाखाली एक फूलही मेले नाही.

हंगामाच्या आरंभी हा भार अधिक बाधतो, कारण बर्फाच्या पाण्याने जमीन भिजून लोण्यासारखी झालेली असते. पाऊल आत जाते, मुळे तुटतात, पाणी खड्ड्यात शिरून माती वाहून नेते. खाली आपल्या शेतात असे झाले तर एका पावसाळ्यात गवत पुन्हा येते. वर पावसाळाही लहान आणि मातीही थोडी. हा प्रश्न केवळ आपल्या हिमालयाचा नाही. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात रॉकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानातून 'ट्रेल रिज' नावाचा मोटाररस्ता 12,183 फूट उंचीपर्यंत जातो. 1932 साली तो खुला झाल्यावर हजारो माणसे टुंड्राची फुले पाहण्यास गाडीतून उतरू लागली. बिॲट्रिस विलार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस तेथे तुडविलेल्या जमिनीचे लहान तुकडे कुंपण घालून राखले आणि वर्षानुवर्षे त्यांचे निरीक्षण केले. फार तुडविली गेलेली जमीन पूर्ववत होण्यास शेकडो वर्षे लागतील असा निष्कर्ष निघाला. आज तेथे गर्दीच्या जागी वाटेबाहेर पाय ठेवण्यास मनाई आहे. ती चुरडणारी माणसे फुलांचे शत्रू नव्हती. फुलेच पाहण्यासाठी ती इतक्या दूर आली होती.

आपल्याकडेही 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली आणि तेथे येणाऱ्यांची संख्या मर्यादित करण्याचा आदेश दिला. नियम करावा लागला, याचा अर्थ सांगून भागले नाही.

तथापि केवळ मनाईने सर्व साधते असेही नाही. बदरीनाथाच्या त्याच रस्त्यावर गोविंदघाट लागतो. तेथून हेमकुंड साहिबची आणि फुलांच्या दरीची वाट फुटते. 1931 साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ हा इंग्रज गिर्यारोहक या दरीत उतरला. 1938 साली त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि जगाला तिचे नाव कळले. स्थानिक मेंढपाळांना ती अर्थातच आधीपासून ठाऊक होती. पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्याच वर्षी जोन मार्गारेट लेग ही विदुषी वनस्पती गोळा करण्यास तेथे आली आणि कड्यावरून घसरून मृत्यू पावली. तिची समाधी दरीतच आहे. 1982 साली दरी राष्ट्रीय उद्यान झाली, चराई बंद करण्यात आली, आणि 2005 साली ती जागतिक वारशात समाविष्ट झाली. त्यानंतर एक उंच, पसरणारी वनस्पती दरीत फार वाढली आणि लहान फुलांची जागा व्यापू लागली. मेंढ्या बंद केल्यामुळेच ती माजली असे काही अभ्यासक म्हणतात, इतरांना ते मान्य नाही. वनखात्याला मात्र ती माणसे लावून उपटावी लागते. म्हणजे फुले राखण्यासाठी पायही हवेत आणि हातही हवेत, पण कोणाचे, केव्हा आणि किती, हे ठरविणे सोपे नाही. यात छायाचित्रांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. स्माइथने लिहिले नसते, लोकांनी चित्रे पाहिली नसती, तर ती दरी राखावी असे दिल्लीत बसलेल्यांना वाटले असते की नाही याची मला शंका आहे. माझा कॅमेरा सर्वस्वी दोषी आहे असे मी म्हणत नाही. माझ्या कोपरांविषयी मात्र असे म्हणवत नाही.

सौ. यांचा प्रश्न वेगळा होता. त्या म्हणत, "मग देवाला काही वाहायचेच नाही का?" याचे उत्तर मला गढवालातीलच एका रीतीत सापडले. ब्रह्मकमळ हे त्या प्रदेशातील देवपूजेचे श्रेष्ठ फूल आणि उत्तराखंडाचे राज्यपुष्प. (आपल्याकडे कुंडीत वाढणारे व रात्री उमलणारे जे फूल ब्रह्मकमळ म्हणून ओळखले जाते ते मूळचे अमेरिका खंडातील एका निवडुंगाचे आहे. हिमालयातील ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले.) ते पावसाळ्यात फुलते. परंतु भाद्रपदातील नंदाष्टमीपूर्वी ते तोडू नये असा जुना संकेत आहे. ज्यांना ते आणण्याचा मान असतो ते अनवाणी जातात, व्रतस्थ राहतात आणि रिंगाळाच्या करंडीतून मोजकी फुले आणतात. येथे फूल तोडले जाते आणि देवीला वाहिलेही जाते, परंतु वाटेल त्याने वाटेल तेव्हा नव्हे. अनवाणी पायाला आपण कोठे पडत आहोत हे कळते, ही गोष्ट मला बूट पाहताना सुचली.

आपल्या घरीही असे संकेत होते. सूर्यास्तानंतर फूल तोडू नये, कळी खुडू नये, झाड ओके करू नये, द्वादशीला तुळस तोडू नये. प्राजक्ताची तर भुईवर पडलेलीच फुले वेचावयाची. माझी आई फूल तोडण्यापूर्वी झाडाला हात लावून नमस्कार करी. आता हार करंडीतून येतात, फूल कोणी, केव्हा तोडले हे पाहण्याचा प्रश्नच उरलेला नाही. हे लिहिताना मी कोणा भाविकाच्या हारास नावे ठेवीत नाही. शेतात लावलेला झेंडू तोडण्यासाठीच लावलेला असतो आणि त्यावर शेतकऱ्याचे घर चालते. बुग्यालावरील फूल कोणी लावलेले नाही. ते थंडीतून उठलेल्या भुंग्यांच्या आणि माश्यांच्या पहिल्या जेवणासाठी उमललेले असते, आणि बी धरण्यास त्याला थोडेच आठवडे असतात. देव त्या डोंगरावर आहे असे आपण मानतो, तर ते फूल उमलले तेव्हाच त्याला पोहोचले, असे मला वाटते. सौ. यांना हे पटलेले नाही. त्यांच्या मते पोहोचणे आणि वाहणे यांत फरक आहे, आणि वाहण्याने फुलाला काही होत नाही, वाहणाऱ्याला होते.

आपल्यापैकी जे उन्हाळ्यात तुंगनाथास जातील त्यांच्यासाठी काही सूचना. पट सामान्यतः मे महिन्याच्या पूर्वार्धात उघडतात. चोपत्याहून पहाटे निघावे, कारण दुपारी बहुधा ढग येतात आणि ढगात पुष्कळ फुले मिटतात. फुले पाहावयाची असल्यास बर्फाची कड शोधावी, परंतु दगडी वाटेवरून जेवढी दिसतील तेवढीच पाहावीत. वाटेच्या कडेच्या दगडांतही पुष्कळ असतात, ती मी उतरताना पाहिली. पोटावर पडून चित्र घ्यावयाचेच असेल तर खडक निवडावा. कचेरीत येऊन काहीजण विचारतात की चित्रातील झरा नेमका कोठे आहे. तो मी सांगत नाही, याबद्दल कृपया राग मानू नये.

ते चित्र कचेरीत माझ्या मेजामागे लावलेले आहे. मध्ये जांभळा गेंद, मागे पांढरे शिखर. सर्वजण त्याची प्रशंसा करतात. डाव्या कोपऱ्यात, किंचित अंधुक, चिखलात आडवा झालेला एक देठ दिसतो. मोठी प्रत काढताना तेवढा कोपरा कापून टाकू या, असे मुलाने सुचविले होते. सौ. नको म्हणाल्या.